५०० रोपं, एक पूर आणि ॲक्टिव्हाची एक टाकी

पुण्यात मुळा नदीच्या काठी, बालेवाडीच्या अंगाला, आमच्या सोसायटीच्या मागे साधारण ४०० मीटरचा एक पट्टा आहे आणि तिथे जुलै २०२१ पासून आम्ही काही जण झाडं लावतोय. म्हणजे लावतोय, मारतोय, परत लावतोय असंच म्हणायला पाहिजे. मी पेशाने अकाउंटंट, झाडांमधलं मला तेव्हा कडुनिंब आणि वड सोडून काही ओळखू येत नव्हतं, त्यामुळे हे सगळं हिशोबाच्या अंगाने लिहिलंय. पण परवा एका ओळखीच्या बाईंनी विचारलं की आमच्या नदीकाठी पण करायचंय, किती रोपं आणू, तेव्हा वाटलं एकदा नीट सगळं लिहून काढावं, कारण "किती रोपं आणू" इथेच आमची पहिली चूक झाली होती.

झालं असं की सोसायटीतल्या एकांच्या कंपनीकडे सीएसआरचे, म्हणजे कंपनीने समाजकामावर खर्च करायचे, पैसे होते आणि ते मार्चच्या आत दाखवायचे होते. ५०० रोपं, १०० माणसं, एक रविवार. सगळ्यांना हिरवे टी-शर्ट, वडापाव, चहा. खड्डे आदल्या दिवशी मजुरांकडून करून घेतलेले. साडेअकराला सगळं संपलं, फोटो झाले आणि काठावर एक मोठा पत्र्याचा बोर्ड लागला, त्यावर कंपनीचं नाव, खाली "५०० देशी वृक्ष" आणि त्याच्याही खाली "अमुक इतका टन कार्बन शोषणार" असा आकडा. तो आकडा कुठून आला विचारलं तर म्हणे एका झाडाला वर्षाला २० का २२ किलो धरतात, गुणिले ५००, गुणिले २० वर्षं. मी तेव्हा काही बोलले नाही, पण माझ्या डोक्यात ते राहिलं, कारण असा ताळेबंद कोणी माझ्यासमोर आणला असता तर मी पहिलं विचारलं असतं की बाबा, बुडीत खाती कुठे दाखवलीयत?

बुडीत खाती मार्च २०२२ मध्ये दिसली. ५०० पैकी १९० उभी होती. जूनपर्यंत १३१.

आता ही गेली कशाने, हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते कारण सगळे "पाणी कमी पडलं" म्हणून मोकळे होतात आणि पाणी तर आम्ही घालत होतो, फेब्रुवारीपासून दर आठवड्याला एक टँकर. पहिलं म्हणजे जागा. वरच्या सपाटीवर जिथे खड्डे घेतले तिथे वर वीतभर माती आणि खाली सगळा राडारोडा, फरशीचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, एका खड्ड्यात तर अख्खं वॉशबेसिन निघालं. पुण्यात नदीकाठ म्हणजे बांधकामाचा राडारोडा रात्री टाकायची जागा, हे काही नवीन नाही. त्यात मूळ कुठे जाणार? दुसरं, गवत. पावसाळ्यानंतर काठावर कमरेएवढं गवत होतं आणि जानेवारीत ते वाळलं की कोणीतरी काडी लावतं, कधी मुद्दाम, कधी बिडीने, एका संध्याकाळी ८० एक रोपं गेली. तिसरं मात्र आमच्याच माणसांनी केलं, म्हणजे आग लागू नये म्हणून आम्ही गवत कापायला एक माणूस लावला, त्याने पाठीवरच्या ग्रास कटरने गवतासोबत रोपं पण साफ केली, एकदम लेव्हलमध्ये, बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं की आत रोपं आहेत.

आणि चौथं कारण आम्हाला कळलंच नसतं, ते गोठ्यावाल्या मामांनी सांगितलं. मामांच्या म्हशी त्याच काठावर चरतात, त्यांचा जन्म तिथलाच, बालेवाडीत शेतं होती तेव्हापासूनचे. आम्ही आधी त्यांना जरा शत्रूच समजत होतो, म्हशी रोपं खातात म्हणून. एप्रिलमध्ये मी पाण्यालगतच्या मेलेल्या कडुनिंबांचे फोटो काढत होते तर ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "ताई, लिंब कुणी लावला हितं? लिंबाला पाय वलं चालत न्हाईत." मी म्हटलं मामा, देशी झाड आहे ना. तर म्हणाले, "देशी हाय, पर नदीचं न्हाई. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला कुणी समुद्रात नेऊन ठिवलं तर?" (मामांच्या लेखी बालेवाडी अजून पुण्यात आलेली नाही.) मग त्यांनी काठी पुढे करून दाखवलं की बघा, पाण्याच्या कडेला काय आपोआप उभं आहे. करंज, उंबर, पुढे वळणावर एक वाळुंज. लव्हाळी, निर्गुडी. हे कोणी लावलेलं नाही आणि कोणी पाणी पण घालत नाही.

आमच्या ५०० मध्ये बहावा, कांचन, कडुनिंब, पिंपळ, शिरीष असं होतं. यातलं एकही झाड वाईट नाहीये, सगळी इथलीच आहेत, पण नर्सरीत त्या आठवड्यात जे तयार होतं ते आलं आणि पाण्याच्या कडेपासून वरच्या रस्त्यापर्यंत सरसकट लागलं. देशी हा शब्द बोर्डावर लिहिला की काम झालं असं आम्हाला वाटलं होतं.

मग २०२२ च्या मे मध्ये आम्ही पाच-सहा जण उरलो होतो (१०० मधले) आणि बसून काठाचे तीन पट्टे पाडले. अगदी पाण्यालगतचा, जिथे पावसाळ्यात आठवडा आठवडा पाणी उभं असतं. मधला उतार, जो मोठं पाणी आलं की बुडतो. आणि वरची सपाटी, राडारोड्याची. जवळजवळ सगळा पट्टा निळ्या पूररेषेच्या आत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकतो तेवढ्या पुराची पातळी आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाची. म्हणजे इथे जे काही लावायचं ते कधीतरी पाण्याखाली जाणार हे धरूनच लावायचं.

पाण्यालगत वाळुंज आणि शेरणी. वाळुंज हे आपल्याकडचं विलोचं झाड, पावसाळा संपता संपता पानं गाळतं, पाण्यात उभं राहण्याचा त्याला सराव असतो. याला नर्सरी लागतच नाही, अंगठ्याएवढ्या जाडीचा फाटा कापायचा, दीड-दोन फूट ओल्या गाळात दाबायचा, बस. मुळशीच्या रस्त्याला ओढ्याकाठच्या जुन्या झाडांवरून आम्ही ६० फाटे आणले, एका झाडावरून दोन-तीनच. शेरणी म्हणजे खडकात, वाहत्या पाण्यात वाढणारं लवचिक झुडूप, त्यात कार्बन बिर्बन नगण्य असेल, पण काठाची माती धरून ठेवायला ते पाहिजे. मधल्या उतारावर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. वर राडारोड्यावर पहिल्या बॅचची जगलेली झाडं होतीच, तिथे अजून भर घातली नाही.

बिया आम्ही त्याच काठावरच्या झाडांच्या घेतल्या. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात खाली पडलेल्या असतात, त्या ठेवल्या तरी टिकतात. जांभळाचं तसं नाही, जांभळाची बी वाळली की मेली, त्यामुळे जून महिन्यात खाल्लं जांभूळ आणि त्याच आठवड्यात बी पिशवीत गेली पाहिजे. सोसायटीतल्या पोरांना हे काम दिलं, जिभा जांभळ्या करून ३०० बिया जमवल्या त्यांनी, कधी नव्हे ते उत्साहाने. उंबराची रोपं करायला आम्हाला जमली नाहीत, बी खसखशीएवढी, ती वटवाघळं आणि पक्षी पोटातून नेऊन टाकतात तेच बरं. उंबराची चार रोपं विकत आणली शेवटी.

असं २०२२ आणि २०२३ च्या पावसाळ्यात मिळून १८० रोपं आणि ६० फाटे, एकूण २४०. टँकर बंद केला. प्रत्येक रोपाच्या आळ्यात एक जुनं मडकं पुरलं, बुडाला भोक पाडून सुती चिंधीची वात घातलेली, आणि पाणी नदीचंच. मुळेच्या पाण्याला मार्च-एप्रिलमध्ये जो वास येतो तो तिथे राहणाऱ्यांनाच माहीत, पण रोपांना त्याचं काही वाटत नाही, उलट खतच. बादल्या भरायला मामांचा भाचा ठेवला, महिन्याच्या पगारावर. मामांच्या म्हशींचा प्रश्न पण त्यानेच सुटला, कारण आता राखण त्यांच्याच घरात होती.

एक वाद मात्र बरेच दिवस चालला, सुबाभळीचा. काठावर सुबाभूळ आधीपासून माजलेली आहे आणि आमच्यातल्या एका इंजिनिअर दादांचं म्हणणं की बाबांनो, कार्बनच पाहिजे ना, मग हीच वाढू द्या, वर्षात माणसाच्या वर जाते, पाणी नको, राखण नको. मुद्दा अगदीच चुकीचा नाही हे मला मान्य करावं लागलं, पहिल्या पाच वर्षांच्या हिशोबात ती करंजाला मागे टाकते. पण ती जिथे दाट होते तिथे खाली दुसरं काही येत नाही, शेंगा तडकून बी सगळीकडे, आणि मामांच्या भाषेत "तिच्यावर पाखरू बी बसत न्हाई", जे तंतोतंत खरं नसेल पण उंबराखाली उभं राहून वर बघितलं की त्यांना काय म्हणायचंय ते कळतं. शेवटी तडजोड अशी की उतारावरच्या मोठ्या सुबाभळींना हात लावायचा नाही, कारण त्या निघाल्या तर मातीच खाली येईल, फक्त आमच्या रोपांच्या दोन मीटरच्या आत येणारी तिची पिल्लं पावसाळ्यात हाताने उपटायची. अजून उपटतोय.

मग २५ जुलै २०२४. त्या दिवशी सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, इकडे मुळेचंही पाणी चढलं होतं, आमचा उतार अख्खा दिसेनासा झाला. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर खाली गेलो. हातभर गाळ, त्यावर जलपर्णी, प्लॅस्टिक, थर्माकोल, एक गादी. आणि जे बघितलं ते मी अजून लोकांना सांगत असते. २०२३ मध्ये कोणीतरी देणगी म्हणून ३० लोखंडी ट्री गार्ड दिले होते, ते आम्ही कौतुकाने उतारावरच्या चांगल्या ३० रोपांना लावले होते. त्या प्रत्येक गार्डमध्ये जलपर्णी आणि पिशव्या अडकून त्याची भिंत झाली होती आणि पाण्याने ती भिंतच रोपासकट आडवी केली होती. ३० मधली २६ मुळासकट उपटलेली. शेजारची बिनागार्डची करंजं वाकलेली, चिखलाने माखलेली, पण जागेवर. वाळुंज तर सगळे गाळाखाली झोपले होते, आम्ही ते गेले म्हणून धरले, आणि तीन आठवड्यांनी बघतो तर आडव्या पडलेल्या फाट्यावरून सरळ वर दहा-दहा कोंब. एका फाट्याची रांगच झाली.

तो बोर्डही गेला त्या पुरात. मामांना तो खाली वळणावर सापडला. आता तो गोठ्याच्या मागच्या बाजूला पत्रा म्हणून लावलाय, "५०० देशी" एवढं दिसतं, पुढचं शेणाने लिंपलंय.

दिवाळीनंतर गाळावर गेलो तर आम्ही न लावलेली रोपं. करंजाची शेंग पाण्यावर तरंगत येते आणि गाळात अडकली की उगवते, जांभूळ आणि उंबर पक्ष्यांनी आणलेलं. बोटभर उंचीची मोजली तर ८० च्या वर होती. फुकट. आमचं काम एवढंच की ग्रास कटर तिकडे जाऊ द्यायचा नाही, म्हणून प्रत्येकाशेजारी एक काठी रोवून वर लाल चिंधी बांधली.

आता हिशोब. डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही टेप घेऊन सगळं मोजलं. पहिल्या ५०० पैकी ५२ उभी. दुसऱ्या २४० पैकी १२४. एकूण १७६. झाडातला कार्बन मोजायला छातीच्या उंचीवर, म्हणजे साधारण १.३ मीटरवर, खोडाचा घेर घेतात आणि त्यावरून व्यास काढतात. मग उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी २०१४ साली आलेलं एक सूत्र आहे, जगभर वापरतात: लाकडाची घनता गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले उंची, त्या सगळ्याचा ०.९७६ घात, त्याला ०.०६७३ ने गुणलं की जमिनीवरच्या झाडाचं कोरडं वजन किलोमध्ये येतं. मुळांसाठी वर पाव भाग धरायचा. त्याच्या ४७ टक्के कार्बन. आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला गुणिले ३.६७. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम आहे, घाबरू नका.

हे सूत्र ५ सेंटीमीटरपेक्षा बारीक खोडाला लावायचं नसतं, तेवढी जाड झालेली आमच्याकडे १०४. त्यांचा सरासरी व्यास ६ सेंटीमीटर, उंची साडेचार मीटर, घनता मी सगळ्यांना मिळून ०.६ धरली. झाडामागे आलं साडेबारा किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो निघतो. म्हणजे एक झाड, तीन-चार वर्षं, मडकी, बादल्या, राखण, पूर, हे सगळं मिळून ॲक्टिव्हाची एक टाकी.

मी तो सेल तीनदा तपासला.

१०४ झाडांचे १.३ टन. आमच्या पार्किंगमधल्या एका पेट्रोल गाडीचं एका वर्षाचं रनिंग. त्यातून पहिल्या उन्हाळ्याचा टँकर वजा करा, १६ फेऱ्या, फेरीला अडीच लिटर डिझेल धरलं तर १०८ किलो, म्हणजे आठ-नऊ झाडांची कमाई टँकरच्या धुरात. मातीतला कार्बन आम्ही मोजलेला नाही, गाळाचा थर आणि त्यात कुजणारा पाला यात तो असतो, पण त्याला नमुने घेऊन लॅबमध्ये द्यावे लागतात आणि आमचं बजेट मडक्यांचं आहे.

त्याच दिवशी टेप हातात होता म्हणून आधीपासून उभ्या असलेल्या सहा जुन्या झाडांचेही घेर घेतले. चार करंज, एक उंबर, एक जांभूळ. सव्वापाच फूट घेराचा, म्हणजे ५० सेंटीमीटर व्यासाचा आणि १२ मीटर उंच करंज त्याच सूत्रात घातला तर येतात २ टन. एकटा. आमची १०४ झाडं मिळून १.३ आणि हा एकटा २. सहा मिळून १२ टनांच्या आसपास, आणि यातल्या एकाकडेही आम्ही साडेचार वर्षांत बघितलं नव्हतं, फार तर सावलीत वडापाव खाल्ला होता. उंबराच्या बुंध्याला तर आमच्याच बॅनरचे खिळे होते.

याच काळात पलीकडच्या काठावर एका कामात असे तीन करंज गेले. परवानगी घेऊन, रीतसर, बदल्यात रोपं लावून. आपल्याकडे १९७५ चा जो वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, ५० वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज धरतात, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. ऐकायला चांगलं वाटतं. ६० वर्षांचा करंज गेला तर ६० रोपं. आमच्या दराने ती साठच्या साठ जगली तरी चार वर्षांनी होतात पाऊण टन, गेलेत दोन टन, आणि आमच्या पहिल्या बॅचच्या दराने जगली तर सहा झाडं उरतील. हे मी कोणावर आरोप म्हणून लिहीत नाहीये. जमा आणि खर्च एकाच वर्षात पडत नाहीत, एवढंच.

म्हणून मग लावायचंच नाही का, असं आमच्या इंजिनिअर दादांनी विचारलंच. लावायचं. आजचे सहा सेंटीमीटरवाले पुढे पन्नासचे होणार आहेत, व्यास दुप्पट झाला आणि उंचीही वाढली की वजन चौपटीच्या वर जातं, खरी जमा तिथून पुढे. पण त्यासाठी तीस-चाळीस वर्षं ते तिथे उभं राहिलं पाहिजे, आणि त्यात आमच्या हातात आहे ते आग, कटर, म्हैस आणि राडारोड्याचा डंपर यांना अडवणं. तेव्हा त्या बाईंना मी सांगितलं ते असं की आधी टेप घेऊन काठावरून चाला, जी उभी आहेत ती लिहून काढा, मग आपोआप काय उगवतंय ते बघा, आणि रोपांचं सगळ्यात शेवटी. लोखंडी गार्ड कोणी फुकट दिले तरी उतारावर नको. त्यांचा चेहरा जरा पडला, त्यांनी बहुतेक टी-शर्टांची ऑर्डर दिली होती.

आम्ही यावर्षी एकही रोप लावणार नाही. सहा जुन्या झाडांचे खिळे काढले, बुंध्याभोवती ओतलेलं काँक्रीट दोघांचं फोडून झालंय, तिसऱ्याचं चालू आहे. गाळावरच्या ८० पैकी ५७ मार्चपर्यंत टिकली. कंपनीतून दरवर्षीप्रमाणे मेल आली, यंदा किती वृक्षारोपण करताय. मी लिहिलं शून्य, पण भाच्याचा बारा महिन्यांचा पगार द्या. महिनाभर काही उत्तर नव्हतं. मागच्या आठवड्यात फोन आला, आठ महिन्यांचा मंजूर झालाय, फक्त बोर्डावर आकडा काय टाकायचा ते विचारत होते.